एका घरातले दोन उमेदवार

चौतीस सालच्या निवडणुकीत आमच्या घरातले दोघं उभे होते, आणि तेही एकमेकांसमोर. एक माझा नवरा अर्मास, सोशलिस्टांकडून. दुसरी त्याची सख्खी बहीण सानेल्मा, कम्युनिस्टांकडून. जागा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेची. सुपीरियर सरोवराच्या काठचं आमचं टॅमरॅक हार्बर आणि मागच्या जंगलातली खेडी मिळून एक मतदारसंघ, आणि त्यात पाच उमेदवार. लाकडाची गिरणी बंद पडून तीन हिवाळे गेले होते, कोळशाच्या धक्क्यावर जहाज आलं तर आलं. गावात दुष्काळ होता तो कामाचा. पक्षांचा मुळीच नव्हता.

निवडून दरवेळी बीक्रॉफ्ट यायचा. लाकूड कंपनीचा वकील, रिपब्लिकन, बोलायला गोड. त्याला पाडेल असा माणूस त्या वर्षी एकच होता, दूध संघाचा हाल्वर स्कार. हा नॉर्वेजियन गडी नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभा होता. दारूच्या दुकानाचा मालक गीअरी डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला होता, पण त्याला मत कुणी देणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. फिनलंडहून आलेल्या आम्हा फिन लोकांची मतं भरपूर होती. ती ज्याच्या पारड्यात पडतील तो जिंकणार. पण आमची मतं एका पारड्यात कधी पडलीत?

त्या वर्षी तर आमच्या घरातच फूट पडली होती. मे महिन्यात धक्क्यावर मजुरी कापली म्हणून संप झाला. संपाचा पुढारी अर्मास. धक्काही त्या लाकूड कंपनीचाच. तिनं शेरीफला सांगून गावातलेच रिकामे तरुण बंदुका देऊन शिपाई केले. मोर्चाच्या आदल्या दिवशी अर्मासनं आमच्या सोशलिस्टांच्या हॉलमध्ये सगळ्यांना बजावलं, "हातात काठीसुद्धा नको. रिकामे हात दिसले तर गोळी घालायला त्यांना निमित्त उरणार नाही." लोकांनी ऐकलं. सानेल्माचा नवरा रेइनो पहिल्या रांगेत होता. निमित्ताची वाट कुणी पाहिली नाही. रेइनो कोळशाच्या भुकटीत पालथा पडला आणि तिथंच गेला. गोळी नेमकी कुणाची ते कळत नाही, असं शेरीफ म्हणाला, आणि प्रकरण मिटलं.

त्या दिवसापासून सानेल्मा भावाशी बोलली नाही. शनिवारी सगळं घर आमच्या परसातल्या साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, जमायचं. ती यायची बंद झाली. रस्त्यापलीकडे लालवाल्यांचा, म्हणजे कम्युनिस्टांचा हॉल होता, तिथं जायला लागली. सप्टेंबरमध्ये त्यांनी तिचं नाव जाहीर केलं. अर्मासनं ते पेपरात वाचलं तेव्हा मी कॉफी ओतत होते.

"मढ्यावरचं लोणी खातायत," तो म्हणाला. "रेइनोच्या नावावर मतं मागायला तिला पुढं केलंय."

"तुझ्या भाषणात नाही का येत त्याचं नाव?" मी म्हटलं. "सगळ्यात जास्त टाळ्या तिथंच पडतात."

तो उठून बाहेर गेला आणि जेवायची वेळ टळून गेली तरी लाकडं फोडत राहिला.

ऑक्टोबरात स्कार आमच्याकडे आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तेव्हा आला.

"अर्मास, मी सरळच बोलतो," तो म्हणाला. "तू मतं खाणार, तुझी बहीण खाणार, आणि बीक्रॉफ्ट पुन्हा मॅडिसनला विधानसभेत जाऊन बसणार. मतपत्रिकेवरची नावं आता निघायची नाहीत. पण दोघांनी जाहीर सांगितलंत की आमची माणसं स्कारला मत देतील, तर मी येतो. आलो की पहिलं काम रेइनोच्या मरणाची चौकशी. राज्याची, इथल्या शेरीफची नव्हे."

"शब्द?"

"शब्द."

अर्मास बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. "माझं मी बघतो," तो म्हणाला. "पण तिला कोण सांगणार?"

"तुझी सख्खी बहीण ना रे?"

"म्हणून तर."

शेवटी मीच गेले. सानेल्मा बोर्डिंग हाउसच्या चादरी धूत होती. हात कोपरापर्यंत लाल झालेले. मला बघून थांबली नाही.

"ये बाई. उमेदवारसाहेबांनी धाडलं का?"

"मी माझी आले." मी स्कारचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती चादर पिळत ऐकत होती.

"चौकशी," ती म्हणाली. "तायमी, तुला खरं वाटतं? तो मॅडिसनला गेल्यावर त्याला दुधाचे भाव आठवतील की माझा नवरा?"

"न आठवला तर आपण आठवण करून देऊ. बीक्रॉफ्ट आला तर दारसुद्धा उघडणार नाही."

"मला ठाऊक आहे मी निवडून यायची नाही. तेवढी वेडी नाहीय मी." तिनं चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघी मिळून पिळायला लागलो. "पण उमेदवाराला बोलू द्यावं लागतं गं. विधवेला कोण बोलू देतं? 'बाई, तुमचं दुःख आम्ही जाणतो', आणि दार बंद. पाच महिने मी हेच ऐकतेय. मला एकदा सगळ्यांसमोर उभं राहायचंय."

"आणि मग? बोलून झाल्यावर घेशील माघार?"

"मग बघू," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघून म्हणाली नाही.

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत होती. पाचही उमेदवार स्टेजवर खुर्च्या टाकून बसलेले. खाली डाव्या बाजूला आमचे लोक, उजवीकडे बाकीचे, आणि मागच्या भिंतीला टेकून शेरीफची माणसं. बीक्रॉफ्ट बोलला, टाळ्या मिळाल्या. स्कार बोलला. गीअरीनं दोन विनोद सांगितले. अर्मास बोलला, पण त्या दिवशी त्याच्या बोलण्यात जीव नव्हता. रेइनोचं नाव त्यानं घेतलं नाही.

मग सानेल्मा उठली. इंग्रजी तिला समजायचं, पण जिभेवर यायचं नाही. दुभाष्या म्हणून तिच्या पक्षाचा माणूस शेजारच्या गावाहून यायचा होता, तो आलाच नाही. ती फिन भाषेत दोन वाक्यं बोलून थांबली. उजवीकडून शीळ ऐकू आली.

बीक्रॉफ्ट अगदी अदबीनं म्हणाला, "बाईंना या राज्याची भाषा येत नसेल, तर राज्याच्या विधानसभेत त्या काय करणार? त्यांनी बसावं हे बरं."

लोक हसले. तेवढ्यात अर्मास उठला.

"मी सांगतो इंग्रजीत," तो म्हणाला.

सानेल्मानं त्याच्याकडे पाहिलं. मेनंतर पहिल्यांदाच. मला वाटलं, नाही म्हणेल. मग ती लोकांकडे वळली आणि सावकाश, एकेक वाक्य सोडत बोलायला लागली. एक वाक्य ती बोलायची, एक तो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्या खोलीत दोनदा ऐकू येत होती. आधी आमच्या बाजूला शांतता पसरायची, मग तिकडच्या.

"माझ्या नवऱ्याच्या हातात काही नव्हतं," ती म्हणाली. त्यानं सांगितलं.

"रिकाम्या हातांनी जायला त्याला माझ्या भावानं सांगितलं होतं."

आमच्या सगळ्या रांगांनी श्वास रोखला. अर्मास इंग्रजीत म्हणाला, "रिकाम्या हातांनी जायला त्याला माझ्या भावानं सांगितलं होतं." तिकडे कुणीतरी फिसकन हसलं. मग हा 'भाऊ' कोण ते त्याला उमगलं असावं. हसू तिथंच विरलं.

"गोळी चालली तेव्हा माझा भाऊ मोर्चात नव्हता. बोलणी करायला कंपनीच्या कचेरीत बसला होता. त्याला त्यांनी कॉफी दिली होती."

हे मलाही ठाऊक नव्हतं. अर्मासचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. खोलीत अर्धी माणसं अशी होती की ज्यांना तिच्या फिन बोलण्यातलं काहीच कळलं नव्हतं. तो ते वाक्य गिळून टाकू शकला असता. निदान कॉफी तरी. 

"गोळी चालली तेव्हा माझा भाऊ मोर्चात नव्हता," तो म्हणाला. "बोलणी करायला कंपनीच्या कचेरीत बसला होता. त्याला त्यांनी कॉफी दिली होती."

"पण बंदूक माझ्या भावानं नाही दिली. ज्यांनी दिल्या त्यांचा वकील तो तिथं बसलाय. आणि ज्यांनी घेतल्या त्यांतले तिघं मागं भिंतीला टेकलेत. एक जण रोज सकाळी मला बघून टोपी काढतो. त्यानं काढू नये. माझं एवढंच म्हणणं आहे."

अर्मासनं शेवटपर्यंत सगळं सांगितलं, टोपीसकट. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मागं एक जण दार ढकलून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी अर्मासनं जाहीर केलं की मला मत देऊ नका, स्कारला द्या. सोशलिस्टांनी त्याला बैठकीला बोलावून गद्दार ठरवलं. ज्या हॉलचं छप्पर त्यानं स्वतः घातलं होतं, त्याच हॉलची चावी त्याच्याकडून काढून घेतली. सानेल्मानं मात्र माघार घेतली नाही. तिच्या पक्षानं घेऊ दिली नाही म्हणावं, तर तिनं विचारलंही नसावं. त्या सभेनंतर खेड्यापाड्यांतून बायका तिला भेटायला येत होत्या, चालत. त्यांना 'घरी जा, नॉर्वेजियन बुवाला मत द्या' असं सांगणं तिला जमलं नाही.

निकाल लागला. स्कार पडला, तोही थोडक्या मतांनी. सानेल्माला जेवढी मतं मिळाली त्यांच्या निम्मी जरी त्याला मिळाली असती तरी तो निवडून आला असता. अर्मासचं नावही मतपत्रिकेवर होतंच. सांगूनसुद्धा काही जुन्या लोकांनी सवयीनं त्याच्यापुढेच फुली मारली. पण ते कुणी मनात धरलं नाही. गावाच्या तोंडी एकच वाक्य होतं. 'सानेल्मानं बीक्रॉफ्टला आणला.' दुकानात तिच्यासमोर बायका पाठ फिरवायला लागल्या. कालपर्यंत तिला भेटायला चालत येणाऱ्यांतल्याही काही होत्या. आठवड्याच्या आत तिच्या खिडकीवर दगड आला. शेरीफच्या माणसांनी मारला असता तर एक वेळ चाललं असतं. दगडाबरोबर शिवी आली, ती शुद्ध फिन भाषेत होती.

अर्मास दोन फळ्या आणि हातोडी घेऊन गेला. मी मागोमाग गेले. तिनं दार उघडलं नाही. तो बाहेरूनच खिडकीवर फळी ठोकायला लागला. ती आत उभी होती, फटीतून तिचा झगा दिसत होता.

"झालं समाधान?" ती आतून म्हणाली. "तुझं ऐकलं असतं तर चौकशी झाली असती."

"कुणास ठाऊक," अर्मास म्हणाला. "माझं ऐकून एकदा काय झालं ते आहेच."

तो ठोकत राहिला.

"त्या दिवशी तू सगळं सांगितलंस," ती जरा वेळानं म्हणाली. "मला वाटलं होतं, गाळशील."

"गाळणार होतो. कॉफीचं."

"मग?"

"मी ती प्यालो होतो, सानेल्मा. बाहेर आवाज झाला तेव्हा कप माझ्या हातात होता."

 त्यानं दुसरी फळी लावली. आता आतलं काहीच दिसेना. आम्ही घरी आलो.

सानेल्माला दिवसेंदिवस काम मिळेनासं झालं. बोर्डिंग हाउसवाल्यांनीही चादरी दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. बर्फ वितळल्यावर ती मिनिआपोलिसला गेली. तिथल्या एका लाँड्रीत तिला जागा मिळाली. बसपाशी मी एकटीच होते. अर्मास येतो म्हणाला होता, पण निघताना बूट चढवून पायरीवर बसला तो उठलाच नाही. तिनंही विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाली, "रेइनोच्या कबरीवरचं गवत काढत जा. त्याला झाडझाडोरा आवडायचा नाही."

बीक्रॉफ्ट पुढं आणखी दोनदा निवडून आला. स्कारनं राजकारण सोडलं. चौकशी झालीच नाही, आणि गोळी कुणाची होती ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. अर्मास पुन्हा कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही, मत मात्र दरवेळी द्यायचा. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. गवत काढायला आम्ही दोघं जायचो. तो एक बाजू काढायचा, मी दुसरी.