बैलाच्या डोळ्यातून

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. खारवलेल्या मांसाचा, चांगला तीन किलोचा. माझ्यासारख्याने आपले चरित्र सांगावे का, याची मला अजूनही खात्री नाही. तरी सांगतो. कंटाळा आला तर खुशाल उठून जा.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका कारखान्यात झाला. अंगावर लाल कागद चढला, त्यावर बैलाचे डोके. मग जहाजातून मी सामोआला आलो. इथे आम्हा डब्यांना मोठा मान. लग्न असो की मयत, लोक आम्हाला भेट म्हणून नेतात, आणि ज्याला आम्ही मिळतो तो आम्हाला पुढच्या लग्नासाठी जपून ठेवतो. अशी कितीतरी घरे मी पाहिली. सगळे मान देत, पण माझ्या पोटात काय आहे हे कोणालाच बघायचे नव्हते. त्याचे थोडे वाईट वाटे.

शेवटी मला उघडले ते अशाच एका घरातल्या सीनीवा नावाच्या मुलीने. ती शाळेत फोटोग्राफी शिकू लागली होती. शाळेतला एकमेव कॅमेरा बिघडलेला. मालियाबाई वर्गात म्हणाल्या, "कॅमेरा म्हणजे काय गं, एक अंधारी खोली आणि तिला एक बारीक भोक. खोली कुठून आणायची ते तुमचं तुम्ही बघा."

त्या रविवारी घरच्यांनी माझ्यातले मांस खाल्ले. सीनीवाने माझा तळ कापला होता, वरची बाजू शाबूत ठेवली होती. तिने मला आतून काळा रंग दिला, तळाला लाकडी झाकण घट्ट बसवले आणि वाऱ्याने मी हलू नये म्हणून आत गोटे भरले. सुईने भोक पाडले ते नेमके बैलाच्या डोळ्यात. त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. लांबून पाहणाऱ्याला तो बैलाचा डोळाच वाटे. आत भोकासमोर फोटोचा कागद लावायचा आणि पट्टी काढून त्यावर उजेड पडू द्यायचा.

पहिले फोटो वाया गेले. डुक्कर पळाले, ढग आले, धाकटी भावंडे कागदावर धुरासारखी उमटली. उजेड कमी असेल तर वेळ जास्त द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नसते, हे सीनीवा हळूहळू शिकली. वेळ मोजायला ती चर्चमधले एक गाणे पूर्ण म्हणत असे.

फोटोचा एकच कागद उरला, तेव्हा आजीची निघायची वेळ आली होती. मंगळवारच्या विमानाने ती ऑकलंडला धाकट्या लेकीकडे कायमची जाणार होती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सीनीवाने मला तिच्यासमोर ठेवले.

"हलू नकोस हं, आजी."

"मी कशाला हलू? तुझ्या बैलाला सांग."

पण चटई विणणारे तिचे हात काही थांबले नाहीत.

आजी अशी माझ्या पोटात आली. फोटो धुण्याची लाल दिव्याची खोली शाळेत होती आणि ती सोमवारी उघडणार होती. तोवर आत उजेड शिरला तर फोटो गेलाच. सीनीवाने मला फळीवर इतर डब्यांशेजारी ठेवले. शनिवारी सकाळी तोएतुमामांनी फळीवरचे चारही डबे पोत्यात भरले आणि एका लग्नघरी भेट म्हणून नेले.

लग्नघरी भेटी पुकारणारे काका एकेक वस्तू उंच धरून मोठ्याने सांगत होते. त्यांनी मला उचलले आणि माझ्यातले गोटे खडखडले.

"काय तोएतु," काका म्हणाले, "तुमच्याकडचे बैल दगड खातात वाटतं?"

मामांचे तोंड उतरले. यजमानांकडचा एक जण सुरी घेऊन उठला. "उघडूनच बघू या."

सीनीवा मागे बसली होती. बोलावे तर मामांनी भेटीला रिकामा डबा आणल्याचे चारचौघांत उघडे पडणार, गप्प बसावे तर फोटो जाणार. ती उठली आणि कमरेत वाकून, बसलेल्या वडीलधाऱ्यांमधून पुढे आली.

"उघडू नका, काका. त्यात माझी आजी आहे."

"ही मी इथे बसलेय," आजी बायकांमधून म्हणाली, "आणि पोरगी म्हणते डब्यात."

सीनीवाने सगळे समजावून सांगितले. काकांनी ते नीट ऐकले, घसा साफ केला आणि पुकारा केला, "तोएतुच्या घरून चटया दहा, डबे तीन, आणि एक आजी, डब्यात बसलेली."

मामासुद्धा हसले. यजमानीणबाई मात्र हसल्या नाहीत. "दिलेली भेट परत नेत नाहीत, पोरी," त्या म्हणाल्या. "डबा आता आमचा."

सीनीवा मान खाली घालून जागेवर गेली. मला भेटींच्या ढिगात ठेवले. दुपारभर कोणाचा हात लागला की माझा पत्रा शहारे.

पाहुणे निघाले तेव्हा यजमानांकडून परतभेटी सुरू झाल्या. यजमानीणबाईंनी मला दोन्ही हातांनी उचलून सीनीवाच्या मांडीवर ठेवले. बैलाच्या डोळ्यावर त्यांनी आपला रुमाल करकचून बांधला होता.

"हा आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "जपून ने. आत म्हातारं माणूस आहे."

सोमवारी कागद लाल दिव्याखाली धुऊन निघाला. अशा कागदावर पांढरे ते काळे उमटते आणि काळे ते पांढरे. सीनीवा हिरमुसून घरी आली. "आजी, हा उलटा आलाय. नवा कागद मिळाला की सुलटा करून पाठवते."

आजीने फोटो उजेडात धरला. हातांच्या जागी नुसता धूर होता. पण चेहरा स्वच्छ आला होता, आणि पांढरे केस कोळशासारखे काळे झाले होते.

"सुलटा कशाला?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी केस काळे झालेत. मी हाच नेणार."

आणि तिने तो नेला.

आता मामांनी माझ्यावर खडूने लिहून ठेवले आहे, 'हा लग्नाला न्यायचा नाही.' अंगावरचा कागद सुटला की सीनीवा तो खळीने चिकटवते, डोळ्याची जागा मोकळी ठेवून. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंकडेही एवढे लक्ष असू द्या. आणि फळीवर बंद डबा दिसला, तर उघडण्याआधी घरात एकदा विचारा.