द्या तुम्ही, मी आहे ना

मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी सलाईन अडकवायचा एक जुना स्टँड आहे. सांगलीच्या एका वर्कशॉपमध्ये मला घडवलं आणि इस्लामपूरच्या एका लहान खाजगी दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा सगळे कौतुक करत. पुढे रंग उडाला, एक चाक अडू लागलं. अंकिता सिस्टर मात्र त्या चाकात गुंतलेले केस काढायच्या आणि म्हणायच्या, "चला आजोबा, ड्यूटीवर."

आमच्याकडे नियम होता. नवं औषध पहिल्यांदा शिरेतून द्यायचं, तर डॉक्टर खाटेजवळ हवेत. पण आमच्या दवाखान्याचे मालक सुमंत डॉक्टर सांगलीला, विश्रामबागेतल्या आपल्या दुसऱ्या दवाखान्यात असले, की तो नियम फोनवरच पाळला जाई.

एका दुपारी केरबा नावाच्या पेशंटना ताप चढला होता. औषधाची बाटली माझ्या हुकाला लटकत होती. सिस्टरांच्या हातात ग्लोव्हज होते, म्हणून केरबांच्या बायकोने, बनुबाईंनी, फोन धरला. स्पीकर चालू होता.

"सर, पहिला डोस आहे. तुम्ही येईपर्यंत थांबते."

"अहो, मला संध्याकाळ होईल. द्या तुम्ही, मी आहे ना."

"आवं द्या की बाई," बनुबाई म्हणाल्या. "डाक्टर सोता म्हनत्यात न्हवं?"

औषध सुरू झालं आणि थोड्याच वेळात केरबांच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकू लागला. सिस्टरांनी औषध तिथेच बंद केलं, शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. केरबा वाचले.

संध्याकाळी सुमंत डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "फोन आला होता. पण मी थांबायला सांगितलं होतं. कुणाला विचारून दिलंत?"

सिस्टर वळल्या. "मावशी, फोन तुमच्याच हातात होता. सांगा ना."

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मला न्हाई आठवत, बया."

सिस्टरांची नोकरी गेली. आपल्या कामाची हद्द त्या ओळखून होत्या. ज्यांनी ती ओलांडायला लावली, त्यांनीच शिक्षा दिली. केरबा बरे होऊन घरी निघाले, तेव्हा बनुबाईंनी डॉक्टरांच्या हातात नारळ ठेवला.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कोणी सिस्टर "डॉक्टर येऊ देत" म्हणाल्या, तर त्यांच्यामागे घाई लावू नका. आणि कधी त्या मदतीसाठी तुमच्याकडे वळल्या, तर ऐकलेलं खरं सांगा.