अकरा दिवसांचा जुळा

निवृत्त झाल्यावर दादाने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हाच त्याच्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला होता. ज्याला स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते, तो आता मेलेल्यांच्या तारखा लावणार!

त्याने लावल्याही. भाड्याच्या सभागृहात भिंतभर वंशवृक्ष टांगून त्याने जमलेल्या गोतावळ्यापुढे जाहीर केलं, की घराण्याच्या मूळपुरुषांना एक जुळा भाऊ होता.

"कशावरून?" बहिणीने पहिल्या रांगेतून विचारलं.

"दोन नोंदी मिळाल्या. एकीत जन्म तीन मार्चचा, दुसरीत चौदा मार्चचा. आईबाप तेच, नावही तेच."

बहीण डॉक्टर. तिची अख्खी हयात लोकांची बाळंतपणं करण्यात गेलेली. "म्हणजे एक तीनला झाला नि दुसरा चौदाला? ती बाई होती की सरकारी कचेरी? अर्धं काम आज, उरलेलं पुढच्या पंधरवड्यात?"

"पूर्वीच्या बायका कणखर होत्या," दादा म्हणाला. टाळ्या पडल्या.

तिने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे एकदा नीट पाहून घेतलं. यातल्या निम्म्यांना तिनेच जगात आणलं होतं. हात उगाच झिजवले, असं तिला वाटलं.

"अरे शहाण्या, त्यांच्या हयातीत, सतराशे बावन्न साली, इंग्रजांनी कॅलेंडर बदललं. जुनं सूर्याच्या मागे पडत चाललं होतं, म्हणून मधल्या अकरा तारखा गाळून टाकल्या. जन्माची नोंद जुन्या हिशेबाने झाली, म्हातारपणी पेन्शनच्या कागदावर तीच तारीख नव्या हिशेबाने चढली. माणूस एकच!"

फर्निचरवाला चुलतभाऊ ताडकन उठला. त्याची शाखा या झाडावर कुठेच बसत नव्हती; दादाने ती जुळ्याला चिकटवली होती.

"मग आम्ही कुणाचे?"

"ते मला काय माहीत? पण न जन्मलेल्याचे नाही, एवढं नक्की."

"तुझं पहिल्यापासून असंच," दादा कडाडला. "घरातलं कुणी वाढलेलं बघवत नाही!"

पुन्हा टाळ्या. तिने पर्स उचलली नि बाहेर पडली.

आठवडाभराने दादाचा फोन आला. आवाज खाली. "मी वाचलं गं. खरंच गाळले होते दिवस."

"मग?"

"आता पुस्तक छापून झालंय. जुळ्यावर वेगळं प्रकरण आहे. स्वभाव, आवडीनिवडी, सगळं. तू एवढंच कर, कुणापाशी बोलू नकोस."

"आवडीनिवडी?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.