जांभळीखालचा बाण

घागर फेरी पहिल्यांदा निघाली तेव्हा कोंडाणे गावात तिचं हसंच झालं होतं. मुंबई-पुण्याची माणसं पैसे भरून सायकली घेऊन येणार, कर्जतहून डोंगराच्या कडेकडेनं कच्च्या वाटेनं खालापूरपर्यंत घाम गाळणार, आणि त्या पैशातून कुठं, तर आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात हातपंप बसणार! "हितं वरच्या वाडीतल्या बाया मार्चपास्नं पान्यासाठी वनवन करतात, आनि ह्यो निघाला आफ्रिकेला पानी पाजायला," असं पारावर बोललं जायचं. बोलणाऱ्यांत खुद्द सहदेवही होता. फेरी काढणारा जितेश त्याचाच मुलगा, पण म्हणून त्यानं जीभ आवरली असं नाही.

जितेश बोअरवेलच्या गाडीवर कामाला होता. त्या गाडीबरोबर मलावीत दोन वर्षं राहिला आणि येताना मलेरिया, फोनभर फोटो आणि ही फेरीची कल्पना घेऊन आला. "बाबा, तिकडं पन आपल्यासारखंच हाय," तो सांगायचा. "पावना येनार म्हटलं का बाया आधी खराटा घेतात. अंगन झाडतात, वाट झाडतात, पार गावाच्या भायेरपोत. माझ्यासाठी पन झाडली व्हती. मी काय सायेब होतो का?" गावाचं बोलणं त्यानं मनावर घेतलं नाही. आधी वरच्या वाडीतला तीन वर्षं बंद पडलेला पंप स्वतः खोलला, दोन दिवस हात काळे करून चालू केला, आणि मगच फेरीचे कागद छापले. मग गावाला बोलायला काही उरलं नाही. सहदेवला तर नाहीच.

उलट तोच फेरीत कामाला लागला. कबड्डीचं मैदान आखण्यात सहदेवचा हात आख्ख्या तालुक्यात कोणी धरला नसता. त्याच्या मुठीतून पांढरी फक्की सुटायची ती दोरी लावल्यासारखी सरळ. जितेशनं बापाला बरोबर हेरलं. "बाबा, वाट दाखवनारे बान तुमी काढायचे." तेव्हापासून दर जानेवारीत, फेरीच्या आदल्या दिवशी, सहदेव फक्कीची पिशवी घेऊन वळणावळणावर बाण काढत हिंडायचा. चट्टेरीपट्टेरी चड्ड्या घातलेली मोठमोठी माणसं आपल्या बाणाच्या इशाऱ्यावर वळतात याचं त्याला फार अप्रूप वाटे, आणि ते तो लपवतही नसे.

चौथ्या वर्षी फेरी पहिल्यांदाच वरच्या वाडीतून न्यायचं ठरलं. वाडी संपली की एक जुनी जांभळ लागते आणि तिथं वाटेला दोन तोंडं फुटतात. उजवीकडची वाट खालापूरच्या बाजूला उतरते. डावीकडची बंद पडलेल्या दगडखाणीकडं जाते आणि खाणीच्या काठाशी एकदम तुटते. सहदेवनं आदल्या संध्याकाळी जांभळीखाली बाण काढला होता. निदान त्याला तसं पक्कं आठवत होतं.

फेरीच्या सकाळी पुढचे सायकलवाले आधी एकदा जितेशबरोबर वाट बघून गेलेले होते, ते बरोबर उजवीकडं उतरले. मागून आलेली नवखी दोन पोरं डावीकडं वळली. जितेश नेहमी सगळ्यांच्या शेवटी असायचा. कोणी मागं राहू नये म्हणून. त्याला डावीकडं चाकांच्या खुणा दिसल्या आणि तो हाका मारत तिकडं सुटला. ती पोरं काठाच्या अलीकडंच थांबली होती, त्यांना साधं खरचटलंही नाही. जितेशचं चाक मात्र खडीवर घसरलं आणि तो सायकलीसकट खाणीत गेला. खालून वर काढला तेव्हाच त्याच्यात काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोक जांभळीपाशी गेले. माती चाळीस सायकलींनी तुडवलेली होती, पण फक्कीचा पांढरा कणसुद्धा कुठं नव्हता. पाऊस नाही, वारा नाही. बाकीच्या सगळ्या वळणांवरचे बाण जागच्या जागी होते. तेराव्याचं झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, जितेशची आई इंदूबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अवो, एक बान काढायचा व्हता तुमी," ती म्हणाली.

"काढला व्हता गं."

"मग गेला कुठं?"

सहदेव स्वतःलाही तेच विचारत राहिला. त्यातच हळूहळू त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला. त्या संध्याकाळी पिशवी संपत आली होती हे त्याला आठवायचं. जांभळीपाशी उकिडवं बसलेलं आठवायचं. पण ते त्याच दिवशीचं का आधी वाट बघायला गेलो तेव्हाचं, हे सांगता यायचं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात कोणाचं वाकडं केलं नाही, आणि पोटच्या पोराला आपणच खाणीत ढकललं असं मनाशी धरून बसला.

इंदूबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पूर्वी तो जेवायला बसला की ती समोर बसून तांदळाची भाकरी एकेक करून गरम वाढायची आणि गावभरचं सांगायची. आता ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवायची आणि मागच्या दारी निघून जायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. सहदेव झाकण उचलायचा, गार भाकरी मोडायचा आणि उठायचा.

मधल्या वर्षी फेरी डांबरी रस्त्यानं गेली. यंदा मात्र किरणनं, जितेशच्या मित्रानं, विषय काढला. कर्जत स्टेशनाजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जितेशमागं फेरीचा सगळा भार तोच वाहतो.

"काका, वाट परत वाडीतनंच नेऊ या का? त्याला तीच आवडायची. जांभळीपाशी मी मानूस उभा करतो."

"मानूस नको," सहदेव म्हणाला. "मीच बसतो."

किरणनं मलावीहून आलेला नवा फोटोही आणला होता. पंपाभोवती बाया ओळीनं उभ्या होत्या, पंपाच्या सिमेंटच्या ओट्यावर इंग्रजीत जितेशचं नाव कोरलेलं होतं, आणि भोवतालच्या लाल मातीवर खराट्याच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. इंदूबाईनं फोटो बराच वेळ हातात धरला. मग पदरानं पुसून देवांच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "यंदा खालापूरला भाकऱ्या मी घालीन." सहदेवकडं बघून नाही, किरणकडं बघून.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी सहदेवनं जांभळीखाली बाण काढला. नुसता काढला नाही, किरणला शेजारी उभं करून काढला.

"फोटो घे," तो म्हणाला. "तारीख येती ना त्यात?"

"काका, कशाला आता..."

"घे म्हनतो ना."

किरणनं फोटो घेतला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण सहदेवला त्याची पर्वा करण्याइतकं बळ नव्हतं.

सकाळी उजाडता उजाडता सहदेव उरलेल्या फक्कीची पिशवी घेऊन वाडीत चढून आला. उन्हं अजून डोंगराच्या मागं होती. वाडीच्या शेवटाकडून खराट्याचा आवाज येत होता. जांभळीच्या दिशेनं चिंधी वाट झाडत चालली होती. चिंधी म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. कमरेत वाकलेली, त्यामुळं झाडायला तिला वेगळं वाकावं लागत नाही असं जितेश तिला चिडवायचा. तो तिला आजे म्हणायचा. पंप दुरुस्त केला ते दोन दिवस तिच्याच झोपडीत जेवला होता.

सहदेव चालत तिच्यापाशी पोचेपर्यंत ती जांभळीखालून पुढं सरकली होती. मागं वाट चकचकीत झाडलेली होती. खराट्याच्या रेघा स्वच्छ उठल्या होत्या. बाण नव्हता.

त्याला आधी काही कळेचना. त्यानं वाकून मातीवरून हात फिरवला.

"आलास का?" चिंधी वळून म्हणाली. "बघ, पार खालतीपोत झाडला. पावने येनार ना आज. आमच्या दारावरना जानार, मंग वाट साफ नको का?"

"आये," सहदेवनं बाणाच्या जागेकडं बोट केलं, "हितं पांढरं काय व्हतं का?"

"व्हता ना. कुना पोरांनी पीठ का चुना सांडवला व्हता. तवा पन असाच सांडवलेला."

"तवा म्हंजी कदी?"

"तवा रं बाबा, तुजा पोर शेवटचा आला तवा." तिनं खराटा जमिनीला टेकवला. "तेच्या सायकलीला आमच्या दारात काटा लागलेला एकदा. बसला मंग चाक खोलून, मला हसला. म्हनला, आजे, तुजी वाट लय वंगाळ. म्हनून मी त्या दिशी सगली वाट झाडली. येक काटा ठेवला नाय. पन त्याचा काय उपेग नाय झाला बग." तिनं पदर डोळ्यांना लावला. "मना वाटतो, माजाच कायतरी काटा राहला असंल."

सहदेव जांभळीच्या मुळावर बसला.

खोटं कशाला सांगा, त्याला पहिल्यांदा झाला तो आनंद. आपण विसरलो नव्हतो! आपल्या हातानं बाण काढला होता, सरळ, ठसठशीत, आणि तो खराट्यानं गेला होता. दोन वर्षं छातीवर बसलेला धोंडा एका क्षणात उतरला. असंच उठावं, टेंपोची वाटही न बघता खालापूरपर्यंत पळत जावं आणि इंदूला सांगावं, अगं, काढला होता, काढला होता मी! तो उठलासुद्धा.

मग त्यानं चिंधीकडं बघितलं. ती डोळे पुसून पुन्हा वाकली होती आणि वाटेच्या कडेचा बाभळीचा एक काटा चिमटीत धरून लांब टाकत होती. काट्याचंच तिनं एवढं मनाला लावून घेतलं होतं. बाणाचं कळलं तर? ती काही बोलणार नाही, भांडणार नाही. वाडीतली माणसं तशी भांडत नाहीत. खायचं सोडेल आणि आठ दिवसांत संपेल, एवढंच. आणि इंदूला सांगितलं तर ते वाडीत पोचल्याशिवाय राहणार नाही. 'मग गेला कुठं' याचं उत्तर मिळेपर्यंत ती गप्प बसणारी बाई नव्हती. आपण दोन वर्षं जे वाहिलं ते आता या म्हातारीच्या डोक्यावर ठेवायचं? जितेशच्या आजेच्या?

"तुजा काटा नव्हता, आये," तो म्हणाला. "चाक खडीवर घसरलं त्याचं. चांगली झाडलीस वाट. तो असता तर खूश झाला असता."

"खरा?"

"खरंच सांगतो."

ती निघून गेल्यावर त्यानं पिशवी उघडली आणि झाडलेल्या मातीवर नवा बाण काढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची रेघ वाकडी आली. मग तो बाणाशेजारी बसून राहिला. सायकली आल्या, एकेक करून उजवीकडं वळल्या. सगळ्यात शेवटी किरण आला. त्यानं बाण बघितला, मान हलवली आणि तोही उजवीकडं उतरला.

दुपारी सहदेव टेंपोनं खालापूरला पोचला. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. धुळीनं माखलेले सायकलवाले पंगतीत बसून भाकरी आणि वालाची उसळ हाणत होते. पंगत उठल्यावर इंदूबाई चुलीपाशी एकटीच बसली होती. तिनं त्याला हाक मारली. हाक मारली, म्हणून तो दचकलाच.

"किरननं फोटो दाखवला," ती म्हणाली. "चांगला काढलाय बान."

"हं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आज डोंगराकडं बघत भाकऱ्या थापल्या. मनात आलं, येवढी वर्सं संसार केला, ह्या मानसानं मला कदी फसवलं नाय. आज येकदा शेवटचं इचारते. त्या साली पन असाच काढला व्हता का? तुमी हो म्हना. मी इस्वास ठेवीन. कुठं गेला ते पन नाय इचारनार."

सहदेवच्या ओठांवर ते आलं. एकच शब्द होता आणि तो खराही होता. पण तिचं 'नाय इचारनार' किती दिवस टिकेल हे त्याला माहीत होतं. आज नाही, उद्या नाही, एखाद्या सकाळी वाडीत ती खराट्याचा आवाज ऐकेल आणि तिला सगळं कळेल. 'विसरलो' म्हटलं तर शोधायला काही उरत नव्हतं.

"नाय," तो म्हणाला. "नव्हता काढला. इसारलो व्हतो."

इंदूबाईनं डोळे मिटले. तो वाट बघत राहिला, आता उठून जाईल म्हणून. ती गेली नाही. तिनं तव्यावर भाकरी टाकली, फुगवली, आणि त्याच्या ताटात आपल्या हातानं ठेवली.

"बोललात येकदाचं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "येवढंच पायजे व्हतं मला. दोन वर्सं नुसतं काढला व्हता, काढला व्हता. मानूस इसरतो. मला काय कळत नाय का? बसा, खावा. गरम हाय."

सहदेवनं गरम भाकरीचा तुकडा मोडला. ती समोर बसून बघत होती, म्हणून त्यानं तो खाल्ला. इंदूबाईनं डोळे पुसले आणि बाजूला फडक्यात बांधून ठेवलेल्या भाकऱ्या त्याच्याकडं सरकवल्या.

"ह्या जाताना चिंधीला द्या," ती म्हणाली. "तिचा लय जीव व्हता आपल्या पोरावर."

"व्हय," सहदेव म्हणाला. "लय व्हता."