रावय्यांची साक्ष

विनुतानं भाताच्या विसाव्या चुडाचा बुंधा हातानं फाकवला, वाकून पाहिलं आणि बांधावर तशीच बसून राहिली. वीस चुडांत मिळून एकही कोळी नव्हता. मागच्या मंगळवारी याच शेतात एकेका चुडात दोन-दोन सापडले होते. कोपऱ्यात पाणी साठतं तिथं दोन बेडूक पोट वर करून तरंगत होते.

ती तीन दिवस प्रशिक्षणासाठी कोइमतूरला गेली होती, आणि तेवढ्यात कुणीतरी इथं फवारा मारला होता. शेत तिच्या सासऱ्यांचं, बाळकृष्णरावांचं. त्यांच्या नकळत त्या शेतात दुसरं कुणी पंप घेऊन शिरणं शक्यच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ओरत्तनाडुच्या बाजूच्या या गावात शासनाची योजना आली. कीड दिसली की औषध मारायचं, हे सोडा. दर आठवड्याला वीस चूड तपासा, कीड मोजा, कीड खाणारे कोळी मोजा, आणि हिशेब ठरलेल्या पातळीबाहेर गेला तरच औषधाला हात लावा. हे शिकवायला कंत्राटी सहायक म्हणून विनुताला नेमलं. गावानं नाकं मुरडली. कालची सून कोळी मोजणार आणि आम्ही आमचं भात तिच्या कोळ्यांच्या हवाली करायचं, असं पक्किरीसामी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला. तसा मनानं चांगला माणूस, फक्त टपरीवर बसला की जीभ सैल सुटायची.

मग बाळकृष्णराव म्हणाले, आधी माझं शेत घ्या. मराठी राज्याबरोबर इकडं आलेलं हे घर. राज्य गेलं, घर राहिलं, आणि गावानं त्यांचं नाव रावय्या करून टाकलं. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं की चाळीस वर्षं त्यांचा शब्द शेवटचा. एका साली त्यांनी स्वतःविरुद्धच निवाडा दिला होता आणि स्वतःची रोपं वाळू दिली होती. अशा माणसानं शेत पुढं केल्यावर पुढच्या साली दहा घरं आली. यंदा सांब्याच्या, म्हणजे थंडीतल्या भाताच्या पिकावर, डिसेंबरात, त्याच शेतात गावाला पीक दाखवायचा शेतीदिवस ठरला. पीक उभं दिसलं की कालव्याच्या त्या फाट्यावरची चाळीसही घरं नाव घालायला तयार होती. विनुताला आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं सासऱ्यांपुढं कॉफी ठेवली. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"मामंजी, औषध मारलात?"

"मारलों." ते जमिनीकडं बघत म्हणाले. "तुडतुडे वाढत होते. रोज पहाटे जाऊन बघत होतों."

"पातळी ओलांडली नव्हती की."

"माहीत आहे. पण अस्कं गाव येणार. पीक गेलं तर तूं तोंडघशी पडशील मणून भ्यालों. गोठ्याच्या माळ्यावर जुनी बाटली होती."

दोन वर्षं हाच माणूस हातात काठी घेऊन लोकांना समजावत होता, की औषधानं वरचे तुडतुडे मरतात, पानाच्या देठात घातलेली अंडी मरत नाहीत. मरतात ते कोळी, आणि मग अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना खाणारं कुणी उरत नाही. सगळं पाठ होतं बिचाऱ्यांना. पण सुनेची अब्रू पणाला लागली म्हटल्यावर पाठांतर कुठल्या कुठं गेलं. विनुताला रागवायचं होतं, आणि त्यांच्या बोटांवरचे औषधाचे पिवळे डाग पाहून राग येईना. तिला रडू मात्र आलं.

दोघांनी जिवाचा आटापिटा केला. शेतातलं पाणी काढून टाकलं, कडुनिंबाचं तेल मारलं, शेजारच्या शेतांतून कोळी पकडून आणून सोडले. सत्तर वर्षांचे बाळकृष्णराव गुडघाभर चिखलात वाकून कोळी धरत होते. अठराव्या दिवशी शेताच्या मधोमध खाटेएवढं एक वर्तुळ करपलं. मग तशी वर्तुळं वाढत वाढत एकमेकांना भिडली. इकडं या किडीला पुगैयान म्हणतात; पुगै म्हणजे धूर, आणि पीक धुरानं धरल्यासारखं होतं म्हणून. शेतीदिवसाला चार दिवस उरले होते आणि शेत पार गेलं होतं.

दिवस पुढं ढकला, असं तिनं कृषी अधिकारी सुंदर यांना सांगून पाहिलं. पत्रिका गेल्यात, असं ते म्हणाले. सरकारी कामात पत्रिका गेली की पीक गेलं तरी चालतं.

मंडप पडला, खुर्च्या आल्या, चाळीस घरांची माणसं आली. माणसं करपलेल्या शेताकडं बघत बांधावरून फिरली, आणि तेच विनुताला सोसवेना. शेवटी पक्किरीसामीनं विचारलं, "बाई, औषध न मारता हे असं होतं काय?"

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण पहिल्या रांगेत बाळकृष्णराव बसले होते, इस्त्रीचं धोतर नेसून. ज्यांच्या शब्दावर पाणी वळतं त्यांनी चोरून फवारा मारला, हे त्यांच्याच सुनेनं माइकवर सांगायचं? तिनं मनाशी पक्कं केलं होतं: दोष आपण घेऊ. चूक आपली ठरली, तर मामंजींचा मानही राहील आणि पद्धतही राहील.

"पद्धत बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी मोजणी चुकली."

मंडपात कुजबुज झाली. सुंदर यांनी खाली मान घातली. तेवढ्यात बाळकृष्णराव उठले. माइक त्यांनी घेतला नाही.

"ती खोटं सांगते. तिची मोजणी चुकली नव्हती. ती गावाला नव्हती तेव्हा मी औषध मारलं. कोळी मेले, म्हणून शेत गेलं. औषध मारलं नसतं तर गेलं नसतं."

मग पक्किरीसामी पुढं आला, त्यानं म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि अगदी मायेनं म्हणाला, "रावय्या, बसा. कळतं आम्हाला. लेक असती तर मीही हेच केलं असतं."

"मी खरं सांगतोय."

"हो हो. बसा."

मागून कुणीतरी म्हणालं, सुनेसाठी म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा खोटं तोंडातून काढलं, केवढी ही माया. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विनुता माइकजवळ गेली, "ते खरं बोलतायत," असं दोनदा सांगितलं. तिच्याकडं लोकांनी दयेनं पाहिलं. दोघं एकमेकांना पाठीशी घालतायत, यात आता कुणालाच शंका उरली नाही. जेवणाची पानं मांडली गेली. नाव घालायला एकही घर आलं नाही.

मंगळवारी विनुता वही घेऊन निघाली. पक्किरीसामीच्या शेतात दोघं पाठीवर पंप घेऊन चालत होते, त्याच्या पलीकडच्या शेतातही. दहा घरांपैकी सात घरांनी तोवर औषध मारलं होतं, आणि त्यांचं पीक अजून चांगलं हिरवं होतं. पुढं काय होणार ते तिला ठाऊक होतं, आणि तिचं ऐकणारं कुणी नव्हतं.

ती परत आली तेव्हा बाळकृष्णराव ओट्यावर बसले होते. त्यांनी वहीकडं पाहिलं नाही.

"विनुता, त्या दिवशी मी खरं मणालों न्हवे?"

"खरंच मणालात, मामंजी."

"चाळीस वर्षं माझं ऐकली ती माणसं." ते थांबले. "त्या दिवशी मात्र माझं खरं सोडून तुझं खोटं ऐकली."

विनुता त्यांच्याजवळ खाली बसली. ते खोटं तिनं त्यांचा मान राखायलाच सांगितलं होतं.