चॅम्पियनचा अर्धा दात

चॅम्पियन होऊन आज नऊ दिवस झाले आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. काल किराणा दुकानात ट्रॉली ढकलताना साबणांच्या रांगेपाशी मी असं झकास वळण घेतलं, की स्वतःवरच खूश होऊन एकटीच हसत सुटले. तिथे एक आजोबा टूथपेस्टवरची बारीक अक्षरं वाचत उभे होते, ते दचकून बाजूला झाले. मी त्यांना म्हटलं, "घाबरू नका, मी चॅम्पियन आहे." ते म्हणाले, "असू दे, असू दे."

आई म्हणते, तुझ्या अंगात वारं शिरलंय. शिरू दे! बारा वर्षं मी रेसच्या गाड्या चालवते आहे. बारा वर्षांत दुसरी आले, चौथी आले, एकदा तर थेट भिंतीत गेले, पण सीझन संपल्यावर जी यादी लागते तिच्यात सगळ्यात वर कधी नव्हते. आता आहे. ती यादी मी फ्रीजवर चिकटवली आहे आणि दर तासाला दूध काढायच्या निमित्ताने वाचून येते. दूध परवाच संपलं.

या आनंदात भानगडी दोनच. एक, माझा पुढचा दात अर्धा तुटलाय. दुसरी, जिंकले त्याच रात्री सगळ्यात मोठ्या टीमचा फोन आलाय: पुढची तीन वर्षं आमच्याकडे या. उत्तर आज पाच वाजेपर्यंत हवंय. मला जायचंय. अगदी उड्या मारत जायचंय. दर वर्षी हिवाळा आला की "पुढच्या सीझनला आपल्याला गाडी मिळणार का?" हा विचार करत मी रात्री जागते, ते जागरण तीन वर्षं करावं लागणार नाही. फक्त त्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं, आणि नऊ दिवस झाले, माझी जीभ काही उचलत नाही.

डॉक्टर म्हणजे माझे गाडीतले जोडीदार. आमच्या गाड्या दिसायला रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसारख्या, आतून मात्र सोलून काढलेल्या: एक सीट, लोखंडी पिंजरा आणि भट्टीसारखी उष्णता. एका गाडीला दोन ड्रायव्हर. अर्धी रेस एकाने चालवायची, मग ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये थांबून अदलाबदल, उरलेली दुसऱ्याने. आमच्या गटात नियम असा, की दोघांपैकी एक माझ्यासारखा पोटासाठी चालवणारा आणि दुसरा हौशी. डॉक्टर हौशी. वय त्रेपन्न, दातांचा दवाखाना, स्वभाव अतिशय शांत. माझ्याआधी तीन ड्रायव्हर त्यांना एकेका वर्षात सोडून गेले. हळू चालवतात आणि प्रत्येक गोष्टीवर "पण का?" विचारतात म्हणून.

मीही पहिल्या महिन्यात पळाले असते. वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबायचा आणि वळता वळता तो हळूहळू सोडायचा, एवढंच मी त्यांना सांगत होते. ते ब्रेक सोडायचे तो एकदम, गरम तव्यावर बोट पडल्यासारखे. गाडी गपकन उसळायची आणि भलतीकडे जायची. आमच्या मुख्य मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. ते दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. शेवटी वैतागून मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंटच्या हिरडीतून सुई कशी काढता तुम्ही?"

"हळूच. त्याला कळतासुद्धा कामा नये."

"मग गाडीलाही कळू देऊ नका ना!"

त्यांनी हवेतल्या हवेत सुई काढल्यासारखा हात हळूच मागे घेतला. मग हेल्मेट घालून गेले आणि पुढच्याच फेरीत पावणेदोन सेकंद कमी करून आले. उस्तादांनी घड्याळ हलवून पाहिलं, बंद पडलं की काय म्हणून. त्या दिवसापासून मी रेडिओवर रेसिंगची भाषाच सोडली. "पुढे अक्कलदाढ आहे, सांभाळून," असं म्हटलं की ते ओळखायचे, ट्रॅकवरचं सगळ्यात वाईट वळण आलं.

आता वाटेल मीच त्यांना शहाणं केलं. छे! माझी खोड तर त्याहून वाईट. अदलाबदलीसाठी गाडी पिटमध्ये कमीत कमी नव्वद सेकंद थांबलीच पाहिजे, असा नियम. टायर, इंधन, सीटचे पट्टे, सगळं उरकून आमची माणसं चौऱ्याऐंशीव्या सेकंदाला मोकळी. उरलेले सहा सेकंद मी नुसतं बसायचं. इंजिन चालू, बाकीच्या गाड्या डोळ्यांदेखत निघून चाललेल्या, आणि बसायचं! तिसऱ्या रेसमध्ये मी साडेएकोणनव्वदला सुटले. अर्धा सेकंद. दंड झाला आणि हातातली पहिली जागा जाऊन आम्ही सातवे आलो. उस्ताद माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत तेव्हा चहाही देत नाहीत.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "यापुढे गाडीचं दार मी लावणार. उघड्या दाराने काही तू जाणार नाहीस." झालं! पुढच्या प्रत्येक रेसला तसंच. घामाने निथळत गाडीतून उतरायचे, माझे पट्टे आवळायचे, आणि एक हात दारावर ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. मी आतून कावलेली. ते म्हणायचे, "थांब. भूल चढू दे."

आठवी रेस शेवटची. गुणांत आमच्या बरोबरीला एकच गाडी होती, लाल. तिच्या पुढे राहिलो तर चॅम्पियन, मागे राहिलो तर पुन्हा आपली चौथी-दुसरी जागा आणि हिवाळ्यातली जागरणं. डॉक्टरांनी गाडी आत आणली ती चौथ्या नंबरवर. चौथ्या! एरवी नववी-दहावी आणायचे आणि माफी मागत उतरायचे. मी आत बसले. शेजारच्या पिटमध्ये लाल गाडी आमच्याआधी चार सेकंद आली होती, ती निघाली. मी ओरडले, "लावा दार!" डॉक्टर ढिम्म. मग मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रेडिओ चालू होता आणि तो सगळा उद्धार आमच्या पूर्ण टीमने ऐकला. डॉक्टरांची पापणी हलली नाही. नव्वद पूर्णांक एकला त्यांनी दार लावलं आणि काचेवर थाप मारली.

पुढच्या तेवीस फेऱ्या मला कुणीही कधीही विचारा, मी सांगेन. आईने विचारलं नाही तरी तिला चारदा सांगून झाल्या आहेत. लाल गाडी पुढे, मी मागे, पण तिच्या इतकी जवळ की तिच्या टायरचे खडे माझ्या काचेवर येत होते. शेवटून दुसऱ्या फेरीत अक्कलदाढेपाशी तिने ब्रेक एकदम सोडला, गपकन उसळली, आणि मी आतून गेले. हळूच. तिला कळलंसुद्धा नाही.

नंतरचं सगळं धुक्यात आहे. उस्ताद रडत होते आणि रडत नाही म्हणून सगळ्यांना दम भरत होते. आम्हाला मंचावर चढवलं, गळ्यात पदकं घातली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, पदक चावा ना." आता चावा म्हणजे चावल्यासारखं करा, हे कुणालाही कळतं. मी चावलं. बारा वर्षांची भूक होती, कडकडून चावलं. टक्क आवाज झाला. खाली शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती आणि डॉक्टर करंडक बगलेत मारून माझी हनुवटी धरून म्हणत होते, "आ कर. आणखी मोठा आ." सगळ्या पेपरांत तोच फोटो आला.

तर आज चार वाजता मी त्यांच्या दवाखान्यात. ठरवून गेले होते: खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं, एका दमात. पण दार उघडताच त्यांच्या रिसेप्शनिस्ट बाई "आल्या, चॅम्पियन आल्या!" करत उठल्या, बाहेरचे तीन पेशंट धरलेले गाल सोडून टाळ्या वाजवायला लागले, आणि मी अशी फुलले की कशाला आले तेच विसरले. आठवलं तोवर मी आडवी होते आणि हिरडीत सुई गेली होती. कळलीसुद्धा नाही.

मग डॉक्टर बोलायला लागले. मितभाषी माणूस, पण समोरच्याच्या तोंडात दोन नळ्या असल्या की त्यांना कंठ फुटतो. म्हणाले, रोज सकाळी धावायला लागलोय. म्हणाले, पुढच्या वर्षी गाडी नवव्यावर नाही, चौथ्यावरच आणून देणार तुला, लिहून घे. म्हणाले, बायको म्हणते, इतका हसताना तुम्हाला लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी छताकडे बघत होते. समोर भिंतीवर घड्याळ. चार वीस. साडेचार. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते म्हणाले, "दुखतंय?" मी मान हलवली, नाही.

पावणेपाचला दात पुरा झाला. त्यांनी आरसा दिला. मी आरसा न बघता बाजूला ठेवला आणि अर्ध्या बधिर तोंडाने सांगून टाकलं. टीमचं नाव, तीन वर्षं, पाच वाजता.

डॉक्टर स्टुलावर बसले होते. हातमोजा अर्धा काढलेला.  मग एवढंच म्हणाले, "आणि मी?"

त्रेपन्न वर्षांचा माणूस, पण असं विचारलं, जसं जत्रेत मागे राहिलेलं पोर.  मग ते ओशाळले, उठले, बेसिनपाशी जाऊन पाठमोरे हात धुवायला लागले. धुतच राहिले. मी म्हटलं, "डॉक्टर, मी नाही म्हणते त्यांना. खरंच. अजून पाच वर्षं मिळून चालवू."

"मूर्ख आहेस का?" पाठमोरेच म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "मी हौस म्हणून चालवतो. तुझं तेच आयुष्य आहे. लाव फोन. आत्ता माझ्यासमोर लाव, नाहीतर दहा मिनिटांनी मीच तुझे पाय धरीन, राहा म्हणून."

मी फोन लावला. ओठ बधिर, लाळ गळतेय, तरी "हो" म्हणायला काय लागतं? एकच अक्षर. पलीकडचा माणूस म्हणाला, अभिनंदन मॅडम, आणि मला हुंदका फुटला. मग हसू फुटलं. मी त्या खुर्चीत गुडघे जवळ घेऊन हसत होते आणि रडत होते, डॉक्टर टॉवेलमध्ये तोंड खुपसून तेच करत होते. बाहेर सगळं ऐकू जात असणार, कारण दार किलकिलं करून रिसेप्शनिस्ट बाईंनी भीत भीत डोकं आत घातलं.

"डॉक्टर, बाहेरचे पेशंट घाबरलेत. विचारतायत, मॅडमना फार दुखलं का?"

डॉक्टरांनी टॉवेल खाली घेतला. नाक लाल, डोळे लाल.

"त्यांना सांगा, मॅडमना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांना दुखलंय."