दारावरचा वाघ

किल्लीवालीच्या कानाची ख्याती अशी होती, की कुलपात किल्ली फिरल्याचा नुसता आवाज ऐकून ती सांगायची, मालक डावरा आहे का उजवा, आणि त्याच्या घरात सासूसुनेचं पटतं का नाही. सासूसुनेचं लोक जरा फुगवून सांगतात, पण डावऱ्या-उजव्याचं खरं. एकदा म्हणे कुणाची तिजोरी अडली. भलेभले कारागीर घामाघूम झाले. हिने नुसता कान टेकवला, तर तिजोरी लाजून आपणहून उघडली!

पण हा कान तिने कुठून आणला, ते मात्र ती कुणाला सांगत नसे.

तिचा बाप दारू प्यायचा. दिवे लागले की तो जिना चढून यायचा आणि दारात उभा राहून किल्ली लावायला बघायचा. भोक जागच्या जागी असायचं, बापच ठिकाणावर नसायचा. किल्ली भोकाभोवतीच्या पितळी पट्टीवर घासायची. खर्र. खर्र. आत सात वर्षांची पोर बोटं मोजत बसायची. तीन खरडे झाले तर बाप हसत येणार. पाच झाले तर रडत येणार. सातच्या पुढे गेलं, की दप्तर उचलायचं आणि पलंगाखाली शिरायचं. आपण उठून दार उघडायची सोय नव्हती. आई दटावायची, "उघडू नकोस गं बाई. त्यांना वाटतं, आपण त्यांच्यावर पहारा ठेवतो."

शेजारीण विचारायची, "अहो, तुमच्या दाराला एवढे ओरखडे कसले?"

"मांजराचे हो," आई म्हणायची. "मेलं भारी द्वाड आहे."

अख्ख्या इमारतीत औषधाला मांजर नव्हतं. तरी शेजारीणही मान हलवून म्हणायची, "मांजराची जातच वाईट." ठाऊक सगळ्यांना होतं, पण सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

बाप गेला त्या आठवड्यात तिने ती पट्टी दारावरून काढून आणली. रडली नाही. चार स्क्रू काढले, पट्टी पिशवीत टाकली आणि दुकानातल्या खणात सगळ्यात खाली ठेवून दिली.

पुढे तिथंच ती पट्टी तिच्या लेकीला सापडली. लेक आठ वर्षांची. कानाशी सारखी प्रश्नांची गुणगुण, म्हणून तिला भुंगी म्हणायचे.

"आई, हे कशाने झालं गं?"

किल्लीवालीच्या जिभेवर आईचं मांजर आलं होतं. पण एवढ्या खोल ओरखड्यांना मांजर पुरेना.

"वाघाने," ती म्हणाली. "आजोबांच्या घरी रोज संध्याकाळी वाघ यायचा. तीन जिने चढून! आणि पायपुसण्याला पाय पुसल्याशिवाय आत यायचा नाही."

"खायचा काय?"

"वह्या. गणिताची वही तर फार आवडायची त्याला."

भुंगी हसून हसून लोळली. असं आईचं मांजर लेकीच्या हाती वाघ झालं. लाज मात्र होती तेवढीच राहिली.

किल्लीवालीचा नवरा छापखान्यात होता. संध्याकाळी यायचा. बिचारा इतका सरळ, की खोकल्याच्या औषधातल्या दारूलाही तोंड वाकडं करायचा. पण त्याची किल्ली दाराला लागली की हिच्या हातातला डाव हवेत थांबायचा. "श्श," ती भुंगीला म्हणायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. त्यात जिन्यातला बल्ब आठवडाभर गेलेला, त्यामुळे एखाद-दोन खरडे व्हायचेच. नवरा आत येऊन म्हणायचा, "काय गं, ओठातल्या ओठात मिठाचं माप मोजतेस का काय?"

ती हसायची नाही.

एके दिवशी दुकानात कानस निसटली आणि तिच्या उजव्या अंगठ्यात घुसली. तीन टाके पडले. हाताला हे एवढं बांधलं. ती दुकान बंद करून घरी निघाली. दिवेलागणीची वेळ, जिन्यात काळोख, आणि किल्ली डाव्या हातात. जिच्यापुढे तिजोऱ्या लाजायच्या, तिला घरचं भोक सापडेना! खर्र. खर्र. खर्र. शेवटी एकदाचं दार उघडलं.

घरात कुणी नाही. दप्तर जागेवर नाही.

"भुंगे?"

ती जागीच थांबून ऐकू लागली. मग तिच्या कानाला लागला तो श्वास. दाबून धरलेला. ती पलंगापाशी वाकली.

भुंगी भिंतीला चिकटून पडली होती. एका हाताने दप्तर कवटाळलेलं, दुसरा हात तोंडावर. तिचे ते डोळे ओळखायला किल्लीवालीला आरसा लागला नाही.

"अगं, मी आहे."

"आठ झाले," भुंगी कुजबुजली. "मला वाटलं, वाघ आला. तू रोज मोजतेस ना, बाबांच्या वेळेला? म्हणजे तो अजून येतो."

किल्लीवाली फरशीवर बसली. या घरात दारूचा थेंब नाही, लेकीवर कधी कुणी हात उगारला नाही, आणि तरी पोर पलंगाखाली. मग ती आडवी झाली, बांधलेला हात सांभाळत सरकत सरकत आत गेली आणि लेकीशेजारी पडून राहिली.

"वाघ नव्हता गं तो. आजोबा होते."

"आजोबा दार ओरबाडायचे?"

"दारू प्यायचे. मग किल्ली लागायची नाही."

भुंगीने दप्तर चाचपलं. "मग वह्या कुणी खाल्ल्या?"

"फाडल्या. त्यांनीच. एकदा तर ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी."

"आणि तू?"

"मी अशीच. पलंगाखाली."

"तुला बाहेर कुणी काढलं?"

हिने लेकीच्या केसातलं जाळं काढलं. "कुणी नाही," ती म्हणाली.

"मग आता निघूया का? इथं धूळ आहे."

तेवढ्यात बाहेर किल्ली लागली. खर्र.

किल्लीवालीचे ओठ आपोआप हलले. एक. खर्र. दोन. आणि तिला दिसलं, भुंगीही तिच्या ओठांकडे बघून बोट मिटतेय. दोन बोटं मिटली होती.

किल्लीवाली पलंगाखालून निघाली. डोकं आपटलं. तशीच दारापर्यंत गेली आणि तिने कडी ओढली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने किल्लीचा आवाज ऐकून आतून दार उघडलं.

बाहेर नवरा. किल्ली हवेत, नखांत शाई.

"काय झालं? अगं, हाताला काय झालं?"

"जिन्यातला बल्ब गेलाय," ती म्हणाली.

"आठवडा झाला त्याला."

"मग लावत का नाही?"

"म्हटलं, तुझ्या कानाला कुठं उजेड लागतो!"

पलंगाखालून आवाज आला, "बाबा, तो वाघ नव्हता!"

"कोण वाघ?"

त्याला कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

दुसऱ्या दिवशी बल्ब लागला. आता किल्ली सरळ भोकात जाते. तरी दिवे लागले की किल्लीवालीचे ओठ हलतातच. मोजणी एकावर येते, तोवर भुंगी वहीतून मान वर न करता म्हणते, "आई, दार." मग ती उठते. कधी चटकन, कधी फार वेळ लावून.